आखूड मूठ

हौसेमामांचा डावा कान अर्धाच हुता. वरचा अर्धा मार्केटमधी गेला, हमाली करत हुते तवा. गाडी कुणी आदी खाली करायची ह्याच्यावरनं बाचाबाची झाली आन् समोरच्यानं गोणी उचलायचा आकडा फिरवला. मामांनी एका हातानं कान धरला आन् दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर अशी ठिवून दिली की त्याचे दोन दात गोणीवर पडले. मंग दोगंबी एकाच रिक्षात बसून दवाखान्यात गेले. रिक्षात तो म्हणला, "हौशा, लय लागलं का रं?" मामा म्हणले, "तुजं तोंड बग आदी."

असे हुते आमचे हौसेमामा. मारायचे आन् इचारपूसबी करायचे.

त्याच्यानंतर हमाली सुटली. मूळ गाव खटाव तालुक्यातलं, तिथं आजोबा विळ्या-खुरप्यांना धार लावून द्यायचे, ते काम हातात हुतंच. तळवलीच्या नाक्याला, ठाणे-बेलापूर रोडच्या कडंला एका बंद कंपनीच्या भिंतीला निळी ताडपत्री बांधली, सायकलच्या सांगाड्यावर दगड बसवला आन् धंदा सुरू. मामा पायडल मारायचे. शेजारी उपड्या डब्यावर राहीमामी बसायची. तिच्या हातात तेलाचा डबा, खालनं खिळ्यानं भोक पाडलेला. त्यातनं दगडावर थेंब थेंब पाणी सोडायचं हे मामीचं काम. दगड कोरडा फिरला की पातं तापतं. तापलं की निळं पडतं. आन् निळं पडलं की पातं मेलं. मंग त्याला किती बी धार लावा, कागद कापील, केस कापील, पर हाड लागलं की दुमडणार.

एकतीस वर्षं दोगांनी हे काम केलं. चुकूनबी एक पातं निळं पडू दिलं नाय.

मामांना जुन्या पात्यांचं लय याड. लोकं जुनी घरं पाडून फ्लॅटमधी जायची, तवा आजीच्या येळची विळी, गंजलेला सुरा, मोडका अडकित्ता भंगारात टाकायची. मामा भंगारवाल्याकडनं उचलून आणायचे. दोन दिवस डिझेलात बुडवायचे, कानस मारायचे, नवी मूठ बसवायचे. मामीला दाखवायचे, "बग राहे, मेलेलं उठून बसलं." मामी म्हणायची, "तुमी मला कवा एवढं घासून पुसून बगितलं?"

त्यांना लेकरू नव्हतं. दोगं एकमेकांशीच भांडायचे, एकाच ताटात जेवायचे.

ते राहायचे तळवली गावात, गोटीराम नावाच्या माणसाच्या बिल्डिंगच्या मागल्या चाळीत. गोटीराम मूळचा तळवलीचाच. बापाची भातशेती गेली, त्याच्या बदल्यात जागा मिळाली, तिच्यावर चार माळे उठले. खालचे दोन गोटीरामचे, वरचे दोन धाकट्या भावाचे, दिपेशचे. आई बयाबाई दोगांच्या मधी, एक महिना खाली एक महिना वर. भांडण गच्चीवरच्या टाकीचं. खालचा भाऊ वाल बंद करायचा, वरचा पाईप तोडायचा. बायकाबी तशाच. गोटीरामची गोजरा आन् दिपेशची सुचिता जिन्यात एकमेकींचे केस धरायच्या.

कोरोना सरला त्याच्या पुढल्या वर्षी गोटीराम दुपारी चारला कोयता घेऊन आला. "नारळ सोलाचं हायत, धार लाव. पानी पियाला ये." मामांनी लावली. मामीनं पाणी सोडलं. साडेपाचला जिन्यात बोंब उठली. गोटीरामनं भावाच्या मानेवर कोयता टाकला हुता. दिपेशनं उजवा हात आडवा घातला म्हणून मान वाचली. अंगठा तेवढा राहिला, चार बोटं पायऱ्यांवर सांडली. सुचितानं तीन येचून टिफीनच्या डब्यात घातली आन् डबा छातीशी धरून अनवाणी पळाली. डाक्टरला एकबी चिकटवता आलं नाय.

चौथं बोट दुसऱ्या दिवशी सापडलं, चपलांच्या रॅकखाली. बयाबाईला जिना धुवायला धीर हुईना म्हणून राहीमामी गेली, तिनंच काढलं. काकडी कापावी तसं सरळ कापलेलं, कुटं चेचलेलं नाय. मामीनं ते फडक्यात घेतलं आन् घरी येऊन मामांना एवढंच म्हणली, "आपलीच धार हाय."

मामा दोन दिवस जेवले नाय. तिसऱ्या दिवशी गोटीरामच्या खिडक्यांवर दगड मारून चार काचा फोडल्या. तवर गोटीरामला पोलिसांनी आत टाकलं हुतं. पुढं बयाबाईनं दिपेशच्या पाया पडून पडून जबाब फिरवायला लावला, आन् सात महिन्यांनी गोटीराम सुटून आला. दोगं भाऊ एकाच जिन्यानं चढायचे, एकमेकांकडं बगायचे नाय.

तवापास्नं मामांचा नेम झाला. कुणीबी पातं पुढं केलं की आदी इचारायचे, "काय कापायचं?" उत्तर द्यायचंच. नाय दिलं तर पातं परत.

गिरजाबाई म्हणून मच्छीवाली हुती, ती मोरली, म्हंजी मच्छी कापायची विळी, घेऊन यायची. ती वैतागायची.

"भाव, रोज काय इचारतं? मासली नय त काय डोंगर कापू?"

"नेम हाय बाई. सांगा."

"नवऱ्याचा नाक कापाचा हाय. बास?"

"मंग बोथटच न्या. नाकाला एवढी धार लागत नाय."

"माज्या नवऱ्याचा नाक बगलास का कवा? करवत लागंल!"

समदी हसायची. मामा हसायचे नाय. धार लावून द्यायचे, पर तिच्या डोळ्यात बगून.

यंदाच्या चैत्रात, गावदेवीच्या जत्रेच्या चार दिवस आदी, गोटीराम परत धार लावायला आला. चार वर्षांत पयल्यांदा. जुन्या बनियनमधी गुंडाळलेला कोयता त्यानं मामांपुढं ठिवला.

"हौसेराव, यो बग. आमचे बापाचा कोयता."

मामीच्या हातातला डबा तिथंच थांबला. मामांनी बनियन सोडलं. कोयता एवढा गंजलेला की बोट लावलं तर पापुद्रे सुटत हुते. मूठ मातर लांब, हातभर, दोगांनी धरायची. त्यांच्या घरातली रीत गावात समद्यांना ठाऊक हुती. जत्रेच्या दिवशी बोकड तोडायचा तर दोगं भाऊ एकाच मुठीला हात लावणार, आन् एकाच घावात तोडणार. दुसरा घाव घालावा लागला तर त्या वर्षात घरातला पुरुष जातो, असं ते मानायचे. बोटं तुटल्यापास्नं त्या घरानं बोकड दिलाच नव्हता.

"काय कापायचं?" मामांनी इचारलं.

"बोकर. जत्रा आली ना."

"दोगं मिळून?"

गोटीराम रोडवरच्या कंटेनरकडं बगत राहिला. मंग म्हणला, "तू तुजा काम कर. आन् आयक, मूठ आकुड कर. एका हाताची."

"एका हाताची? अवो ही तर दोगांची..."

"एका हाताची बोल्लो ना! दुसऱ्या हाताचा काय काम नाय."

आन् गेला. मागं बगितलं नाय.

मामांनी काम घेतलं. खोटं कशाला, त्यांना हौसबी वाटली. तसलं लोखंड आता बगायला मिळत नाय. डिझेलात टाकलं, घासलं, तर खालनं बापाच्या नावाची ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं वर आली. मूठ कापली. नव्या रिबिटा ठोकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताडपत्रीखाली भाकरी खाताना मामांचा घास हातातच राहिला.

"राहे, बोकड एका घावात तोडायला दोन माणसांचं बळ लागतं. मंग एका हाताची मूठ कशाला लागते?"

मामी म्हणली, "हाणायला."

मंग तीच म्हणली, "पोलिसात सांगा."

"काय सांगू? मूठ आखूड मागितली म्हणून?"

"मंग देऊ नका कोयता. तोंडावर सांगा."

"तोंडावर सांगितलं तर दुसरीकडनं लावून घील. घणसोलीला हाय, कोपरखैरण्याला हाय. माझ्या हातात हाय तवर काय तरी करता येतंय."

तिसऱ्या दिवशी मामा पायडलवर बसले, कोयता दगडाला लावला. मामीनं डबा वर धरला.

"पाणी नको," मामा म्हणले.

मामीला वाटलं ऐकायला चुकलं. तिनं थेंब सोडला तर मामांनी तिचं मनगट धरलं. "नको म्हणतोय ना." दगड कोरडा फिरायला लागला. ठिणग्यांचा फवारा उडाला, जळक्या लोखंडाचा वास नाकात गेला. पातं आदी पिवळं झालं, मंग जांभळं, मंग मोराच्या मानेसारखं निळं. कोंबडीची मान पिरगाळताना माणूस तोंड फिरवतो, तसं मामांनी तोंड फिरवलं हुतं, पर पाय थांबवला नाय. ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर समदं पातं मारलं. मंग पॉलिश पेपर घेऊन निळा रंग घासून काढला, वरनं पातळ धार लावली. आरशासारखा कोयता झाला.

"आता गळ्याजवळ नेला तर भीती वाटंल," मामा म्हणले, "पर हाडाला लागला की मान टाकील. दिपेशला जखम हुईल. मरणार नाय."

मामीच्या डब्यातलं पाणी मातीत ठिबकत हुतं.

संध्याकाळी गोटीराम आला. मनगटावरचे केस कापून बगितले. त्याचं तोंड उजळलं. "झ्याक झाला रं हौसेराव. जत्रेला जेवाला या दोगा. नक्की या."

तो गेल्यावर मामी म्हणली, "अवो, जेवायला बोलवतोय. ज्याच्या मनात पाप हाय तो जेवायला बोलवील का?"

"मागल्या टायमाला नारळाचं पाणी प्यायला ये म्हणला हुता," मामा म्हणले.

जत्रेच्या दिवशी दुपारी दोगं गेले. मामा म्हणले, काय झालंच तर आपण तिथं असलेलं बरं. अंगणात मांडव, बेंजो वाजत हुता, पाव्हणे भरलेले. बयाबाई खुर्चीवर, नाकात नळी. म्हातारीचे दिवस भरत आले हुते. बोकड कुंकू लावून उभा. खाटीक आपली सुऱ्यांची पिशवी घेऊन बाजूला बसला हुता, नंतरच्या कामासाठी. गोटीराम कोयता घेऊन आला. आन् जिन्यानं दिपेश खाली उतरला.

बेंजो थांबला. दिपेश भावाच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. बोटं नसलेला तो हात, नुसता अंगठा उरलेला पंजाचा गोळा, त्यानं पुढं केला आन् गोटीरामच्या मनगटावर ठिवला. बयाबाई रडायला लागली. तिनंच दोगांना शपथ घातली हुती, मरायच्या आदी एकदा दोगांच्या हातचा बोकड बगू द्या.

तवा राहीमामीला समजलं. देवीच्या कामाला उजवाच हात लागतो, आन् ज्या हाताला बोटंच नाय तो मूठ कसा धरणार? म्हणून मूठ एका हाताची. आन् ती बोटं ज्यानं तोडली त्यानंच हे कुठल्या तोंडानं सांगावं? तिनं मामांकडं बगितलं. मामांचं तोंड चुन्यासारखं पांढरं.

"थांबा!" मामा वरडले. "गोटीराम, थांब!"

बेंजो परत सुरू झाला हुता. कुणाला ऐकू गेलं नाय. मामा माणसं ढकलत पुढं घुसले, पर तवर कोयता खाली आला.

पातं मानेत अर्धं गेलं आन् दुमडलं. बोकड असा वरडला की बेंजोवाल्यांचे हात थांबले. रगताची चिळकांडी दोगा भावांच्या सदऱ्यांवर उडाली. गोटीरामनं परत हाणला. पातं वाकडं झालं. तिसरा घाव, चौथा. बोकड पाय झाडत फिरत हुता, मान लटकत हुती, बायका तोंडावर पदर घेऊन पळाल्या. शेवटाला खाटकानं उठून त्याची सुरी फिरवली तवा ते जनावर सुटलं.

बयाबाई किंचाळली, "घर बुरला! माजा घर बुरला!"

गोटीराम दिपेशकडं वळला. "तू हात खेचलास! मुद्दाम खेचलास!"

"मी? तुज्याच मनान खोट हाय! देवीनं दावला तुना!"

"भर मांडवान माजी इज्जत घेतलीस तू!"

"चार बोटा खाल्लीस माजी, अजून काय पायजे तुना?"

गोटीरामनं त्याच्या तोंडावर थुंकलं. दिपेशनं डाव्या हातानं खाटकाची सुरी हिसकली. गोटीरामनं वाकडा कोयता उचलला. पाव्हणे मागं सरकले. हौसेमामा दोगांच्या मधी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, एक ह्याच्या छातीवर एक त्याच्या.

"कुणीबी हात खेचला नाय! पातं मी मारलंय! जाळून मऊ केलंय मी!"

गोटीरामला कळंना. "काय?"

"मी केलं. तू मूठ आखूड मागितलीस. मला वाटलं तू भावाला मारायला नेतोयस."

एवढ्या पाव्हण्यांसमोर, मरायला टेकलेल्या आईसमोर ते शब्द पडले. दिपेशनं सुरी खाली टाकली. मामीला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दिपेशचा गुडघा मामांच्या पोटात बसला. गोटीरामनं कोयत्याची मागची बाजू डोक्यात घातली. मामा खाली पडले तवा एक डावीकडनं, एक उजवीकडनं, दोगं मिळून लाथा घालत हुते. एक दमला की दुसरा. चार वर्षांत पयल्यांदा दोगं भाऊ एका कामाला लागले हुते. "आमचे घरान इख कालवतं?" एक म्हणायचा, आन् दुसरा हाणायचा. दिपेशचा तोल गेला तर गोटीरामनं त्याला धरलं.

मामी मधी घुसली. तिनं गोटीरामच्या पोटरीला असा चावा घेतला की मास तोंडात आलं. लाथ तिच्याबी बरगडीत बसली. ती मामांच्या अंगावर पालथी पडून राहिली, तवा कुटं माणसांनी भावांना वढलं.

दवाखान्यात मामा नऊ दिवस हुते. पोटात आतनं रगत जात हुतं. हवालदार जबाब घ्यायला आला तर मामा म्हणले, "फूटब्रिजच्या पायऱ्यांवरनं पडलो."

हवालदार गेला. मामीनं पलंगाची दांडी धरली. "का खोटं बोलला?"

"राहे, दिपेशच्या हातात सुरी हुती. मी मधी नसतो तर तिथं मुडदा पडला असता."

"पडतोय की! तुमचा पडतोय!"

"एकाला दुसऱ्यानं सावरलं, बगितलंस का तू? आता नाय मारायचे एकमेकांना. नाव घेऊ नको कुणाचं. बयाबाईला दोनच हायत."

"आन् मला किती हायत?" मामी म्हणली.

मामांनी तोंड भिंतीकडं केलं. नवव्या दिवशी पहाटं गेले.

मयताला दोगं भाऊ आले, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, खांदा द्यायला. राहीमामीनं तिरडीचा उरलेला बांबू उचलला आन् पयला फटका गोटीरामच्या तोंडावर, दुसरा दिपेशच्या पाठीवर. "खांदा देतोय? मारायला पाय आन् न्यायला खांदा? एक पाऊल पुढं टाकलं तर हितंच दोगांची तिरडी बांधीन!" दोगांनी मार खाल्ला. एकानंबी हात वर केला नाय. मंग रुमाल सोडून गेले.

दहावं झालं. अकराव्या दिवशी मामी एकटी पोलिस स्टेशनला गेली आन् जे झालं ते समदं सांगितलं. मामांनी नको म्हणलं हुतं, तेबी सांगितलं. "त्यांचं मन मोठं हुतं," ती म्हणली, "माजं नाय." आता दोगंबी आत हायत. बयाबाई तिसऱ्या आठवड्यात गेली. गोजरा आन् सुचिता एका मोटरसायकलवर बसून डबा घिऊन जातात, असं गावातले सांगतात.

कोयता सापडला तवा मामीला ओळखायला बोलवलं. साहेबानं टेबलावर ठिवला. पातं मुडपलेलं, रगत काळं पडलेलं.

"ओळखता का, मावशी?"

मामीनं मुठीवरनं हात फिरवला. "मूठ मालकांची. रिबिटा त्यांच्याच."

साहेबानं धारेकडं बगून तोंड वाकडं केलं. "एवढी वर्षं धंदा केला म्हणता, आन् असली धार लावायचे तुमचे मालक?"

मामीनं अंगठा पात्यावर ठिवला, जसा मामा ठिवायचे. ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर नेला.

"साहेब, हे पातं त्यांनी मुद्दाम मारलं. माणूस मरू नये म्हणून. मी शेजारी बसून पाणी सोडलं नाय, माझंबी नाव लिहा. एकतीस वर्षांत एवढं एकच. बाकी समद्या तळवलीत घराघरात त्यांच्या हातचं पातं हाय. कुठलंबी मागवा आन् बगा."

"बरं बरं. लिहितो नंतर."

"नंतर नाय," मामी म्हणली आन् खुर्ची पुढं वढून बसली. "आता लिहा. मी बसते."